रस्ता रुंद झाला, पण चालणाऱ्यानं अन् सायकलवाल्यानं जायचं कुठून? समजून घ्या, वेग कसा कमी होतो आणि मागणी कुणाकडं करायची

मंगळवारी आमच्या तालुक्याच्या गावाला बाजार असतो. मागच्या महिन्यात वांगी अन् गवार घेऊन मी गेलो होतो. एसटी स्टँडसमोर रस्त्याच्या कडेलाच पोतं अंथरून बसलो. समोर एक आजी हातात पिशवी घेऊन रस्ता ओलांडायला उभ्या होत्या. एक पाऊल पुढं टाकायच्या, ट्रक यायचा, परत मागं. माझी दोन गिऱ्हाइकं झाली तरी आजी तिथंच. शेवटी उठलो, त्यांचा हात धरला आणि पलीकडं नेऊन सोडलं. आजी म्हणाल्या, "लेकरा, आधी हा रस्ता मी दहा डाव ओलांडायचे. रुंद केला तवापासनं भ्या वाटतंय बघ."

आजीचं हे बोलणं डोक्यात राहिलं. रस्ता चांगला झाला म्हणून आपण सगळ्यांनी पेढे वाटले होते. खड्डे गेले, धूळ गेली, हे खरंच आहे. पण त्याच रस्त्यावर पायी चालणारा आणि सायकलवाला मात्र पहिल्यापेक्षा जास्त धोक्यात आला. असं का होतं, त्यावर काय उपाय आहेत आणि ते मागायचे कुणाकडं, हे आज सोप्या भाषेत समजून घेऊ.

मरतंय कोण?

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली ३२ हजार ८२५ माणसं पायी चालणारी होती. म्हणजे दिवसाला साधारण ९० जण. त्याशिवाय साडेचार हजारांहून जास्त सायकलवाले. आणि एकूण मृत्यूंपैकी ६८ टक्के ग्रामीण भागात झाले. म्हणजे 'रस्ता सुरक्षा' हा फक्त पुण्या-मुंबईचा विषय आहे असं समजून बसायचं कारण नाही. तो आपल्या फाट्यावरचा विषय आहे.

माझ्या वस्तीवरचंच सांगतो. नववीतल्या एका मुलीला शाळेतून सायकल मिळाली होती. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींना अशा सायकली मिळतात, म्हणजे शाळा लांब म्हणून मुलीचं शिक्षण थांबू नये. चांगली योजना आहे. पण ही मुलगी फाट्यावरून शाळेकडं वळताना मागून आलेल्या पिकअपनं कट मारला. पाय मोडला. तीन महिने घरी. पाय जुळला, पण सायकल अजून गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी आहे. वडील म्हणतात, "आता त्या रस्त्यावर पाठवायची नाही." सायकल दिली सरकारनं, पण ती चालवायला सुरक्षित रस्ता कुणी दिला नाही.

खरं कारण: वेग

आपल्याकडं अपघात झाला की दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक, ड्रायव्हर पिलेला होता. दोन, त्या माणसानं बघून रस्ता ओलांडायला पाहिजे होता. दोन्ही गोष्टी काही वेळा खऱ्या असतात. पण एकाच जागेवर पाच-सहा वेळा अपघात होतो, तेव्हा माणसं वेगळी असतात, गाड्या वेगळ्या असतात, जागा मात्र तीच असते. मग दोष जागेचा नाही का?

साधा हिशोब बघा. ताशी ३० किलोमीटरनं येणाऱ्या गाडीसमोर पोरगं आलं, तर ड्रायव्हरला कळेपर्यंत आणि ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर साधारण १३ मीटर लागतात. तीच गाडी ताशी ६० नं असेल तर ३६ ते ३७ मीटर. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर दुप्पट नाही, जवळजवळ तिप्पट होतं. म्हणजे २० मीटरवर पोरगं दिसलं, तर ३० वाली गाडी त्याच्या अलीकडं थांबते आणि ६० वाली गाडी जवळपास पूर्ण वेगात धडकते. पावसात तर अंतर अजून वाढतं.

आता ओलांडणाऱ्याचा हिशोब. चौपदरी रस्ता साधारण १४ मीटर, मधला दुभाजक सोडून. म्हातारं माणूस सेकंदाला पाऊण-एक मीटर चालतं. म्हणजे एका दमात ओलांडायला १७ सेकंद तरी लागणार. तेवढ्या वेळात ६० नं येणारी गाडी २८० मीटरच्या पुढं जाते. म्हणजे त्या आजींना पाव किलोमीटरहून लांबची गाडी दिसली पाहिजे आणि तिच्या वेगाचा अंदाजही आला पाहिजे. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना हे जमतं का? आजी मागं-पुढं करत होत्या ते उगाच नाही.

आणि वेग येतो कुठून? रस्ता सरळ, गुळगुळीत आणि रुंद असला की पाय आपोआप ॲक्सिलेटरवर दाबला जातो. तुम्ही-आम्ही मोटारसायकलवर असलो तरी तेच करतो. '३० चा वेग' अशी पाटी लावून वेग कमी होत नाही. रस्ताच असा बनवावा लागतो की गाडी हळू करावीच लागेल.

पुण्यात काय केलं, काय फसलं

आपल्या तालुक्यातली कितीतरी पोरं स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आहेत. त्यांना जंगली महाराज रस्ता माहीत आहे. खड्डे न पडणारा रस्ता म्हणून त्याचं नाव पहिल्यापासून होतं. पुणे महापालिकेनं २०१६ मध्ये पादचाऱ्यांसाठी धोरण मंजूर केलं आणि त्याच सुमारास या रस्त्याचं रूप बदलायला घेतलं. फुटपाथ मोठे केले, बसायला बाक ठेवले, झाडं न तोडता फुटपाथमध्येच घेतली, गाड्या लावायला ठरावीक जागा आखून दिली. आधी लोक म्हणाले, रस्ता लहान केला, आता गर्दी होणार. पण तिथं आज संध्याकाळी गेलात तर म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, कॉलेजची पोरं आरामात चालताना दिसतात.

११ डिसेंबर २०२१ ला त्याच पुण्यात लक्ष्मी रस्त्याचा काही भाग दिवसभर गाड्यांना बंद ठेवून 'पादचारी दिन' केला. बाजारपेठेचा रस्ता, दुकानदारांना धाकधूक होतीच. तरी तो दिवस पार पडला आणि पुढच्या वर्षांतही पाळला गेला.

पण सगळं गोड नाही. एके काळी पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. सातारा रोड, सोलापूर रोडच्या बाजूला बीआरटीबरोबर सायकल ट्रॅक बांधले. त्यांचं काय झालं? मध्येच झाड, मध्येच विजेचा खांब, पुढं दुकानाची पायरी, त्याच्यापुढं लावलेल्या मोटारसायकली. चौक आला की ट्रॅक संपला, आणि सायकलवाल्याला खरी गरज तर चौकातच असते. शेवटी सायकलवाले परत गाड्यांच्या रस्त्यावर आले.

यातून आपण घ्यायचा धडा एवढाच. नुसता खर्च करून, लाल रंग मारून उपयोग नाही. वाट घरापासून शाळेपर्यंत, स्टँडपासून बाजारापर्यंत अखंड पाहिजे. आपल्या शेतातल्या पाटासारखं आहे. मध्ये एक जागा फुटली तर पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचत नाही.

नेदरलँडमधल्या बापाची गोष्ट

कुणी म्हणेल, हे आपल्या देशात होणार नाही. सायकलींचा देश म्हणून नेदरलँडचं नाव आपण ऐकतो. पण तिथंही पहिल्यापासून असं नव्हतं. गाड्या वाढल्या तसे तिथले रस्ते गाड्यांसाठी मोठे झाले, सायकली मागं पडल्या. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यावर ३ हजारांच्या वर माणसं मेली, त्यात ४०० हून जास्त लहान मुलं होती.

त्यात व्हिक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची लहान मुलगी होती. शाळेच्या वाटेवर गेली. त्यानं १९७२ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहिला. मथळ्याचा अर्थ होता 'मुलांचे खून थांबवा'. त्याच नावानं आंदोलन उभं राहिलं. आयाबाया रस्त्यावर उतरल्या, पोरं रस्त्यात खेळायला बसवली, सायकलींचे मोर्चे निघाले. पुढच्याच वर्षी तेलाची टंचाई आली, रविवारी गाड्या बंद राहू लागल्या आणि लोकांना मोकळा रस्ता कसा असतो ते दिसलं. त्यानंतर सरकारनं वस्तीतला वेग कमी केला आणि सायकलींना वेगळी वाट द्यायला सुरुवात केली. हे व्हायला पुढं कित्येक वर्षं गेली. पण सुरुवात मागणीतून झाली.

आपल्या रस्त्यावर काय मागायचं?

पुण्याएवढा पैसा आपल्या नगरपंचायतीकडं नाही. पण खाली सांगितलेली बरीच कामं कमी खर्चात होतात.

१) नीट गतिरोधक. आपल्याकडं स्पीड ब्रेकर म्हणजे रात्रीत टाकलेला डांबराचा ढिगारा. फूटभर रुंद आणि उंच. त्यावर मोटारसायकलवर मागं बसलेली बाई पडते, पोटुशी बाई असेल तर हाल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणं गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, म्हणजे सुमारे १२ फूट, आणि फक्त १० सेंटिमीटर, म्हणजे चार इंच उंच असतो. त्यावरून गाडी ताशी २५ च्या वेगानं धक्का न बसता जाते. त्याच्या आधी ४० मीटरवर पाटी पाहिजे आणि वर पांढरे पट्टे पाहिजेत, म्हणजे रात्री दिसेल. आपल्या मनानं टाकलेला गतिरोधक बेकायदा आहे, आणि त्यावर कुणी पडलं तर ते पाप आपल्या माथी.

२) उंच केलेलं झेब्रा क्रॉसिंग. नुसते पांढरे पट्टे मारले तर कुणी थांबत नाही, हे आपण बघतोच. पण तेच पट्टे चार इंच उंच, सपाट ओट्यावर असतील तर गाडीला हळू व्हावंच लागतं आणि चालणारा माणूस लांबून दिसतो. शाळा, दवाखाना आणि एसटी स्टँडसमोर हेच पाहिजे. एक लक्षात ठेवा, २०१७ च्या मोटार वाहन चालवण्याच्या नियमांनुसार सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर गाडीवाल्यानं हळू होऊन, थांबून पायी माणसाला वाट द्यायची असते. हॉर्न वाजवून त्याला पळवायचं नसतं.

३) मध्ये थांबायला जागा. दुभाजकात ओलांडायच्या जागी माणूस, हातगाडी, सायकल उभी राहील एवढा सपाट ओटा ठेवायचा. मग आजींना एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या बघाव्या लागतात. १७ सेकंदांची भीती नऊ सेकंदांवर येते.

४) फुटपाथ. मानकाप्रमाणं चालायला कमीत कमी १.८ मीटर मोकळी जागा पाहिजे आणि उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. गुडघाभर उंच फुटपाथावर गुडघे दुखणारा माणूस चढत नाही, तो रस्त्यानंच चालतो. आपल्याकडं गटारावर झाकणं टाकली तरी निम्म्या गावाला फुटपाथ मिळतो. फक्त झाकणं सलग पाहिजेत, तुटलेली नकोत.

५) कोपरा मोकळा. क्रॉसिंगच्या अगदी जवळ उभ्या केलेल्या टेम्पोमागून लहान पोरगं बाहेर येतं तेव्हा ते ड्रायव्हरला दिसतच नाही. दोन्ही बाजूंनी थोडी जागा गाड्या लावायला बंद करा. वडापचा थांबा क्रॉसिंगच्या पुढं न्या, अलीकडं नको.

६) उजेड. दिवे गावाच्या कमानीवर आणि चौकातल्या फलकांवर भरपूर असतात. ते ओलांडायच्या जागेवर पाहिजेत.

७) सायकलींसाठी. वेगळा ट्रॅक जमत नसेल तर निदान डांबराच्या कडेची साईडपट्टी भरून घ्या. डांबर आणि मुरूम यात अर्ध्या फुटाची पायरी असली की मागून हॉर्न वाजल्यावर पोरगी खाली उतरू शकत नाही. उतरली तर पडते. आमच्या फाट्यावर हेच झालं.

आणि एक खरं बोलतो, कुणाला राग आला तरी चालेल. फुटपाथ अडवणाऱ्यांत मीही आहे. मंगळवारी माझं पोतं रस्त्याच्या कडेलाच असतं. पण उपाय आम्हाला हाकलणं हा नाही. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, त्यानुसार विक्रेत्यांना बसायची जागा ठरवून द्यायची असते. बाजाराचं मैदान नीट केलं, तिथं ओटे अन् पाणी दिलं, तर रस्त्यावर बसायची हौस कुणाला आहे?

मागायचं कुणाकडं? आधी रस्ता कुणाचा ते बघा

निम्मे अर्ज चुकीच्या कार्यालयात जातात आणि तिथंच कुजतात. रस्त्याच्या कडेचा किलोमीटरचा दगड बघा. वरचा रंग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग. हिरवा असेल तर राज्यमार्ग.

राष्ट्रीय महामार्ग असेल तर महामार्ग प्राधिकरण किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग असेल तर जिल्हा परिषदेचं बांधकाम खातं. गावातला अंतर्गत रस्ता असेल तर नगरपंचायत, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत.

राष्ट्रीय महामार्गावर सहसा गतिरोधक देत नाहीत. तिथं रंबल पट्ट्या, दिवे, भुयारी मार्ग किंवा सेवा रस्ता मागा. महामार्गावरच्या तक्रारीसाठी १०३३ हा नंबर आहे.

अर्ज कसा करायचा?

पहिलं, ग्रामसभेत ठराव घ्या. एकट्याच्या अर्जाला किंमत नसते, ठरावाला असते. नगरपंचायत असेल तर नगरसेवकाला विषय सभेत घ्यायला लावा.

दुसरं, पुरावा जोडा. माहिती अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून पोलीस ठाण्याकडं त्या जागेवरच्या तीन वर्षांच्या अपघातांची यादी मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमी झालेले पाच अपघात असतील, किंवा दहा मृत्यू असतील, तर ती जागा 'ब्लॅक स्पॉट'च्या व्याख्येत बसते आणि तिथं उपाययोजना करायला खात्याला भाग पाडता येतं.

तिसरं, मागणी नेमकी लिहा. 'रस्ता सुरक्षित करावा' असं लिहू नका. 'अमुक किलोमीटरला, शाळेच्या फाटकासमोर, उंच झेब्रा क्रॉसिंग, दोन्ही बाजूला पाटी आणि एक दिवा' असं लिहा. मोबाईलवर फोटो काढून जोडा. शाळा सुटतानाचा फोटो सगळ्यात जास्त बोलतो.

चौथं, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे ते प्रमुख असतात. प्रत्येक अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह.

कायदा आपल्या बाजूनं आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८-अ आलं. रस्ता मानकाप्रमाणं बांधला नाही किंवा नीट राखला नाही आणि त्यामुळं कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणा किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की पायी चालणाऱ्याला फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. अर्जात या दोन्ही गोष्टी लिहा.

तोवर आपण काय करायचं?

फुटपाथ नसेल तिथं रस्त्याच्या उजव्या कडेनं चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. सायकल मात्र डाव्या बाजूनंच चालवायची. सायकलच्या मागच्या चाकावर आणि दप्तरावर चमकणारी पट्टी लावा, दहा-वीस रुपयांचं काम आहे. उसाच्या ट्रॉलीला, बैलगाडीलाही लावा. आणि शाळेजवळ आपण स्वतः मोटारसायकलवर असलो तर गाडी हळू घ्या. तिथली पोरं आपलीच आहेत.

आमच्या फाट्याचा ठराव ग्रामसभेत झाला आहे. अपघातांची यादीही हातात आली. बांधकाम विभागाचे साहेब येऊन टेप लावून जागा मोजून गेले. काम अजून सुरू नाही. पोचपावती माझ्याकडं आहे, दर पंधरा दिवसांनी मी चौकशीला जातो. ठरावावर त्या मुलीच्या वडिलांचीही सही आहे. सही करताना ते एवढंच म्हणाले, "गतिरोधक अन् साईडपट्टी होऊ द्या, मग सायकलीत हवा भरतो."